अक्का, शेवटच्या पानाचं ठरलं

अक्का, तुमच्या तेरवीला मी पाण्याचे प्लास्टिकचे जार येऊ दिले नाहीत. जारवाला दाराशी आला, त्याला तिथूनच माघारी लावला. पाणी माठातलं, वाढायला तांबे, प्यायला स्टीलचे गिलास. तुमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींत म्हणाल्या, "नांदेडची भावजय लईच कडक दिसून राहिली." मी ऐकलं आणि म्हटलं, दिसून राहिली न्हाई, हायच कडक. मग भांडी घासायला आम्ही सगळ्याच जणी बसलो आणि घासता घासता तुमच्या गोष्टी निघाल्या. एकीनं तुमची नक्कल केली, दोघी रडल्या. जेवण उरकून सगळ्या पटापट घरी गेल्या असत्या, त्याऐवजी ऊन उतरेपर्यंत बसल्या.

तुम्ही कुठं शिकवलं, किती पोरं डॉक्टर केली, ते सगळं शोकसभेत सांगून झालंय. मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं. तुमचा फटकळपणा एकालाही आठवला नाही, सगळ्यांनी मिळून तुम्हांला गरीब गाय करून टाकलं. मला त्यातलं काही परत सांगायचं नाही. प्लास्टिकवरची आपली चोपडी अडकली होती, अक्का. शेवटच्या पानावरून आपलं भांडण चालू असताना तुम्ही उठून गेलात. भांडणातून उठून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं, म्हणून मला त्याचा राग जास्त आहे.

सुरुवात कुरडयांपासून झाली होती, आठवतं? त्या उन्हाळ्यात मी लातूरला आले होते. तुम्ही कॉलेजातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, जीवशास्त्राच्या मास्तरीणबाई, आणि मी नांदेडात लग्नपत्रिका करणारी तुमची भावजय. गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून आपण गरम चिकाच्या कुरडया घालत होतो. शेजारी पाण्याचा तुमचा निळा प्लास्टिकचा ड्रम होता, पाणी फार कमी पडलेल्या वर्षी तुमच्या भावानं स्वतः टेम्पोत घालून आणून दिलेला. त्याला टेकायला गेलात आणि तुमच्या बोटाला निळी भुकटी लागली. तुम्ही ते बोट माझ्या नाकासमोर धरलंत.

"सांग, हे काय हाय?"

"रंग चाललाय, अक्का. जुना झालाय ड्रम."

"रंग न्हाई. ड्रमच चाललाय. उन्हानं ठिसूळ होऊन, भुकटी होऊन. थोडा हवेत, थोडा पाण्यात."

मग तुमची नजर कुरडयांकडं गेली. त्या तशाच कडकडीत उन्हात, तशाच कागदावर वाळत होत्या. "आता ह्याचं काय करायचं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "तळायचं." आणि तळून खाल्ल्यासुद्धा. पण पुढच्या वर्षी तुम्ही जुनं सुती धोतर धुऊन ठेवलंत, आणि कुरडया त्याला चिकटतात म्हणून आख्खी सकाळ माझ्यावर खेकसत होतात.

त्याच संध्याकाळी मी तुम्हांला झीन म्हणजे काय ते सांगितलं. एका कागदाची घडी घालून केलेली चोपडी. आपणच लिहायची, आपणच चितारायची, आपणच छापायची आणि कुणाची परवानगी न घेता वाटायची. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आमच्या कॉलेजातलं भित्तिपत्रक. फकस्त भिंत सोडून हिंडणारं." यापेक्षा सोपी व्याख्या मला आजपर्यंत कुणी दिलेली नाही. माझ्या दुकानात येणाऱ्यांना मी तीच सांगते आणि तुमचं नाव सांगत नाही.

ती वाटायची कुठं, ही अक्कल मात्र तुमचीच. मी म्हणत होते, दवाखान्यात ठेवू, वाचनालयात ठेवू. तुम्ही हात झटकलात. "वाचनालयात बाया येतात का ग? संक्रांतीला हळदी-कुंकवाला येतात. तिथं वाण काय देता तुम्ही? प्लास्टिकची डबी, प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकची साबणदाणी. एका बाईच्या घरात एका महिन्यात किती येतं, माझ्या बापा! त्या डबीच्या जागी ही चोपडी लुटायची." मी घरी येऊन माझं कपाट उघडलं. वाणाच्या डब्या एकीत एक, एकीत एक अशा भरलेल्या. झाकणं कुणाची कुणाला लागत नव्हती. मला हसूही आलं आणि पटलंही.

मग आपण कामाला लागलो आणि काय भांडलो, अक्का! तुम्ही मजकूर पाठवलात तो बारावीच्या पुस्तकासारखा. व्याख्या, प्रकार, उपप्रकार. मी कात्री लावली. तुम्ही लातूरहून फोन केलात, "माझे परिच्छेद कुठं गेले?" मी म्हटलं, "अक्का, बाई चुलीपाशी उभी राहून वाचणार हाय. दूध वर यायच्या आत पान संपलं पाहिजे." तुम्ही फोन ठेवलात. मला वाटलं, रुसल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाला चार ओळी लिहून आल्या, आणि त्या इतक्या नेमक्या होत्या की मला एक अक्षर हलवता आलं नाही. तेवढं कौतुक मी तुमच्या तोंडावर केलं नव्हतं. आत्ता करते.

मुखपृष्ठावर मी फक्त एक बोट काढलं, टोकाला निळी भुकटी लागलेलं. तुम्ही म्हणालात नाव मोठं पाहिजे, मी म्हटलं नाव आत. तिथं मी जिंकले. आतल्या पानावर पातळ पिशवीतून पार्सल चाललेला वाफाळता चहा, एका पानावर अर्धापूरच्या केळीच्या घडांवरून उतरवून बांधाला टाकलेल्या पिशव्या, एका पानावर आपली गच्ची आणि कुरडया. माहूरचं पान तर तुमचंच. गडावर देवीचा तांबूल दुकानदार पिशवीत भरून देत होता, तुम्ही पर्समधून स्टीलची डबी काढलीत. तो म्हणाला, "मावशी, घरून डबी घिऊन आलात व्हय?" तुम्ही म्हणालात, "हाव. देवीकडं पिशवी मागायला न्हाई आले मी." मागची रांग खोळंबली, पण हसत होती. मी त्या डबीचं चित्र काढलं आणि खाली एक शब्दही लिहिला नाही.

आणि ती पहिली संक्रांत! मी तपासायला पाठवलेल्या नमुन्याच्या प्रती घेऊन तुम्ही आदल्या दिवशी नांदेडला आलात, पिशवीतून गठ्ठा काढलात आणि मी एकेक प्रत उलटून बघितली. प्रत्येक प्रतीला चकचकीत प्लास्टिकचं कव्हर! आख्खा जन्म वह्यांना, जर्नलांना, हजेरीपटाला कव्हर घालण्यात गेलेला. हाताला जे पुस्तक लागेल ते झाकायचं ही तुमची सवय. "हसू नको," तुम्ही म्हणालात, "हळदी-कुंकवाचे हात लागून खराब झाल्या असत्या." आणि बोलता बोलता तुम्हांलाच कळलं आपण काय केलंय ते. तुमचा चेहरा असा झाला होता, अक्का, की मला हसू आवरेना, आणि मग तुम्हीही हसायला लागलात ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळी कव्हरं उतरवली. आता ती टाकायची कुठं, हे दोघींनाही कळेना. अजून माझ्या माळ्यावर आहेत.

त्या नमुन्यात शेवटचं पान कोरंच होतं, कारण तिथं आपलं जमलं नाही. ते पान आरोग्याचं. तुम्ही लिहिलं होतं: "हे बारीक कण माणसाच्या रक्तातही सापडले आहेत. आत जाऊन ते नेमकं काय करतात आणि किती करतात, हे अजून पुरतं कळलेलं नाही. शोध चालू आहे. तोवर गरम, तेलकट आणि आंबट अन्न प्लास्टिकपासून लांब ठेवा."

मी म्हटलं, "अक्का, हे पान पडेल. सगळं पुस्तक वाचून शेवटी 'कळलेलं नाही'? मी लग्नपत्रिकेत असं छापते का, लग्न बहुतेक होईल, जमल्यास या? सरळ लिहा, कॅन्सर होतो. बाया हातातली डबी टाकून देतील."

"होतो असं सिद्ध झालंय का?"

"होत न्हाई असं तरी कुठं झालंय?"

"मग दोन्ही लिहायचं न्हाई." तुमचा फळ्यासमोरचा आवाज. "कल्पे, भ्या दाखवलं की बाया चार दिवस ऐकतात. पाचव्या दिवशी कुणीतरी डॉक्टर म्हणतो, असलं काही नसतंय. मग तुझं खरं असलेलं बी खोटं ठरतं."

मी ऐकलं नाही. माझा धंदाच लोकांना दारातून आत ओढण्याचा. मला ठाऊक आहे, लोक अक्षरं बघत नाहीत, चेहरा बघतात; आणि चेहऱ्याच्या खाली एक धडकी भरवणारी ओळ असेल तर पान उलटत नाहीत. तुम्हांला हे माहीत नव्हतं असं नाही. तुम्हांला ते चालत नव्हतं.

मग तुमचंच पोट दुखायला लागलं, आणि तपासण्या होऊन तोच शब्द आपल्या घरात आला.

दवाखान्यात तुमच्या भावाचं डोकं फिरलं होतं. भेटायला येईल त्याच्याशी ते एकच बोलायचे, पाणीच नडलं, प्लास्टिकच नडलं. एक दिवस तुमच्यासमोर बोलले. तुमच्यात उठून बसायची ताकद नव्हती, पण जरब तीच. "कशावरून म्हणून राहिलास? माझ्याच गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर ड्रम हायत. एका बाईवरून पुरावा होत न्हाई, दिलीप." ते बाहेर निघून गेले. तुम्ही वर टांगलेल्या सलाइनच्या पिशवीकडं बोट दाखवलंत आणि मला म्हणालात, "ही बी प्लास्टिकचीच हाय. आत्ता हीच मला जगवून राहिली. हे बी घाल पुस्तकात." मला रडू येत होतं आणि तुम्ही मला दुरुस्त्या सांगत होतात.

शेवटच्या भेटीत तुम्ही विचारलंत, "त्या पानाचं काय करून राहिलीस?" मी म्हटलं, "आधी बऱ्या व्हा, मग भांडू." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. उत्तर मी दिलंच नाही, आणि दिलं असतं तर ते तुम्हांला आवडलं नसतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शोभाताई आल्या. लोह्याकडच्या महिला मंडळांचं काम बघतात त्या. तुमची ओळख होती. म्हणाल्या, "संक्रांतीला गावोगावच्या बायांना वाण म्हणून हेच पुस्तक देऊ. जेवढं छापाल तेवढं आम्ही उचलू. फक्त मागं अक्कांचा फोटो टाका. खाली लिहा, प्लास्टिकनं आमची अक्का नेली." तुमचे भाऊ ताडकन म्हणाले, "टाकायचाच." आणि खरं सांगू? माझे हात शिवशिवले. मला हवं होतं ते पान आपसूक चालून आलं होतं, आणि माझ्याशी भांडायला तुम्ही नव्हतात.

मी ते पान केलं, अक्का. कॉलेजच्या गॅदरिंगमधला तुमचा तो फोटो घेतला, चष्म्यावरून बघणारा. मागं काळा रंग, खाली ती एक ओळ. आजवर केलेल्या सगळ्या कामांत ते माझं सगळ्यांत जबरी काम होतं, हे मी छाती ठोकून सांगते. शोभाताईंनी मोबाइलवर बघितलं आणि फोनवरच रडल्या. एकेका गावातल्या बायका एका दिवसात डब्या फेकतील असं ते पान होतं. मला आतून माहीत होतं की ते चालणार.

दुपारी हे दुकानात आले. पडद्यावर ते पान होतं. खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "बरोबर हाय. असंच पाहिजे." मी वळून बघितलं. त्यांचा आवाज शाबासकी दिल्यासारखा नव्हता. शिक्षा ऐकून घेतल्यासारखा होता.

मी विचारलं, "असं का बोलून राहिलात?"

"तो ड्रम मीच आणला होता ना तिला. तिनं किती वर्षं ते पाणी वापरलं, काय ठाव. छाप तू. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

तुम्ही गेल्यापासून हा माणूस एकदाही रडला नव्हता. नुसता चिडचिड करत होता, कधी डॉक्टरवर, कधी जारवाल्यावर, कधी माझ्यावर. मी समजत होते, राग प्लास्टिकवर आहे. आणि मी केलेलं हे झकास पान घरोघर जाणार होतं, बायका ते स्वयंपाकघराच्या दारामागं लावणार होत्या, आणि प्रत्येक संक्रांतीला ते आमच्या घरात माझ्या नवऱ्याला सांगणार होतं की बहीण तुझ्यामुळं गेली. कशावरून? कशावरूनच नाही.

तेव्हा मला तुमचं म्हणणं पटलं, असं नाही म्हणणार. ते मला आधीही कळत होतं, मी फार हट्टी आहे एवढंच. पण तेव्हा मला त्याची गरज पडली. मी तुमचा मजकूर काढला आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "नेमकं काय करतात आणि किती करतात, हे अजून पुरतं कळलेलं नाही."

ते म्हणाले, "मग ती कशानं गेली?"

"माहीत न्हाई हो. डॉक्टरला माहीत न्हाई, मला न्हाई. अक्कांना सुदिक माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेलं त्या कुणाला बोलू द्यायच्या न्हाईत."

ते पत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले, अक्का. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, लग्न ठरलेल्या मुलाची आई होती. तिला मी हातानंच खूण केली, थांबा म्हणून. ती बिचारी काही न विचारता बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. पत्रिका पसंत करायला आलेल्या त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

शोभाताईंना फोन करून सांगितलं, फोटो नाही, ती ओळ नाही. त्या नाराज झाल्या. म्हणाल्या, "असं मिळमिळीत पुस्तक कोण घरी नेणार?" मी म्हटलं, "मिळमिळीत न्हाई, खरं हाय. न्यायचं असेल तर न्या." त्यांनी विचार करून सांगते म्हटलं. विचार करू देत. त्यांच्याशिवाय जेवढ्या निघतील तेवढ्या मी काढणार आहे, आणि माझ्या हळदी-कुंकवाला येईल तिच्या हातात ठेवणार आहे. एखादी म्हणेल, अग बाई, नुसता कागद? म्हणू दे. तिला समोर बसवून मी शेवटचं पान वाचून दाखवीन, आणि काय काय माहीत नाही तेही सांगीन. मला आता ते सांगायची लाज वाटत नाही. सलाइनच्या पिशवीची ओळही घातली आहे, तुम्ही सांगितली तशी. अक्षर मात्र मी मोठं केलं. ते तुम्हांला विचारलं नाही आणि विचारणारही नव्हते.

घरात तुमची कमी फार जाणवते हो. तुमचा फोन शनिवारचा असायचा; शनिवारी वाजला की मी अजून कंबर कसून उचलते, भांडायच्या तयारीनं. तुमच्याइतकं मला कुणी अडवलं नाही. माझ्या आईनंही नाही. लग्न होऊन आले तेव्हा लोक म्हणाले होते, नणंद खडूस आहे, जपून रहा. जपून राहिले असते तर केवढं हुकलं असतं माझं.

काल छापखान्यातून फोन आला. फायनल फाइल उघडून बसले होते ते. "ताई, शेवटच्या पानावर दोन नावं हायत. त्यातल्या एका नावाच्या आधी 'कै.' टाकायचं राहून गेलंय. टाकून घेऊ?" पत्रिकेच्या धंद्यात ही चूक फार वाईट, गेलेल्या माणसाच्या नावाआधी ते 'कै.' राहिलं तर घरचे भांडायला येतात. मी आख्ख्या आयुष्यात ती कधी केलेली नाही. मी म्हटलं, "न्हाई टाकायचं. छापा तसंच." ते म्हणाले, "तसंच?" मी म्हटलं, "हाव, तसंच."

मजकूर : सुमन. मांडणी : कल्पना.